सड्यावरचे खड्डे

तीन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका शनिवारी आम्ही ऑफिसातले साठ-सत्तर जण दोन बस भरून सातारा जिल्ह्यातल्या एका पठारावर गेलो आणि दुपारपर्यंत चारशे रोपं लावून पुण्याला परत आलो. हिरवे टी-शर्ट, वडापाव, चिखलाने भरलेले बूट, ड्रोनवरून काढलेला व्हिडिओ. खड्डे आधीच कोणीतरी खणून ठेवले होते. आम्ही फक्त रोप पिशवीतून काढून खड्ड्यात ठेवायचं, बाजूला टाकलेली बाहेरची माती आणि शेणखत आत लोटायचं आणि फोटो काढायचा. मी सहा रोपं लावली. करंज, कांचन, गिरिपुष्प. पावसात भिजत हाताने काहीतरी केल्याचा त्या दिवशीचा आनंद खरा होता, तो आता नाकारण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी फोटो टाकले आणि रात्री ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. वनस्पतिशास्त्रात पीएचडी, आणि घरातल्या सगळ्या लग्नकार्यांत "ती फुलंबिलं बघत हिंडते ती" अशी ओळख.

"तिसरा फोटो उघड," ती म्हणाली. "तू खड्ड्याशेजारी उकिडवी बसलीयेस तो. डाव्या बुटाजवळ बघ. मोठं कर जरा."

मोठं केलं. जमिनीला चिकटलेलं एक गोल पान, त्यातून वर आलेला बोटभर दांडा, त्यावर पांढरं फूल. अर्धं माझ्या बुटाखाली.

"आमरी आहे ती. जमिनीवरचं ऑर्किड. हाबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. आषाढात येते म्हणून आषाढ आमरी म्हणतात."

"दुर्मीळ आहे का गं?" माझ्या पोटात गोळा आला होता.

"छे. सड्यांवर ढिगाने असते."

"मग झालं तर!"

"काय झालं? चारशे खड्डे घेतलेत तुम्ही. त्या चारशे जागांवर काय होतं, ते खणायच्या आधी कोणी बघितलं?"

कोणी बघितलं नव्हतं. आणि आता कधीच कोणाला कळणार नव्हतं. या एका वाक्यापाशी मी पुढचे बरेच महिने अडकून राहिले. हे लिखाण त्याच अडकण्याचं आहे.

आधी सडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही माहीत नव्हतं. मी साताऱ्याच्या बाजूचीच, लहानपणापासून असे माळ बघितलेले. पण बघितलेले म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून. डोंगराच्या माथ्यावरचा सपाट कातळ किंवा जांभा, त्यावर कुठे बोटभर तर कुठे वीतभर माती. पावसाळ्यात तिथे पाणी साचून राहतं, आणि पाऊस गेला की महिन्याभरात सगळं वाळून कोळ होतं. झाडाला असल्या जागी पाय रोवता येत नाहीत. पण ज्या वनस्पतींनी आठ महिने कंद होऊन किंवा बी होऊन जमिनीत पडून राहायचं आणि उरलेल्या चार महिन्यांत उगवून, फुलून, फळून मोकळं व्हायचं असा संसार बसवला आहे, त्यांना हीच जागा लागते. जून-जुलैत आमरी आणि कंदवाले येतात, मग गेंद आणि सीतेची आसवं, मग सोनकीने सगळं पिवळं होतं. सीतेची आसवं हे निळं-जांभळं इवलंसं फूल मांसाहारी आहे. मातीत खायला काही नसतं, म्हणून त्याच्या जमिनीखालच्या इवल्या पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. त्या जागेची गरिबी हीच त्यांची मिरास. आम्ही तिथे बाहेरची माती आणि शेणखत नेऊन ओतलं होतं.

मे महिन्यात हीच जागा पाहिली तर काळा, भाजलेला दगड. सरकारी कागदावर पड. देशातल्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह सरकार काढतं त्यात उघड्या खडकाळ जमिनीचा वेगळा प्रकारच आहे. पडीक म्हटलं की सगळे मोकळे होतात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, कोल्हापूरकडे बॉक्साइटच्या खाणी आल्या, कोकणात सुरुंग लावून कातळात हापूसच्या बागा आल्या. यातल्या कशाच्याही विरोधात मी मोर्चा काढणार नाही. वीज मीही वापरते, हापूस तर आवडीने खाते. पण पवनचक्कीवाल्याला निदान माहीत असतं की तो तिथे स्वतःच्या कामासाठी आलाय. आम्ही निसर्गाचं भलं करायला गेलो होतो.

तर प्रश्न असा: जे तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं, त्याच्या नाशाची जबाबदारी माझी का?

पहिलं उत्तर सोपं आहे. नाही. हेतू चांगला होता, माहिती नव्हती. आई म्हणाली, "अगं, झाडं लावलीस ना, पाप नाही केलंस." मलाही हेच ऐकायचं होतं. पण मी ज्या धंद्यात आहे तिथे "माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. चालू सिस्टिममधलं एखादं टेबल कोणी वापरत नाहीसं वाटलं म्हणून मी उडवलं, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी पगार अडकला, तर मला कोणी हेतू विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, की उडवण्याआधी हे कोण वाचतंय ते तपासलं होतंस का. तपासणं शक्य होतं, स्वस्त होतं, आणि केलं नाही, ही चूक. अज्ञान दोन प्रकारचं असतं. एक, जे दूर करणं आपल्या हातात नव्हतं. दुसरं, जे दूर करायला एक फोन पुरला असता. माझी सख्खी मावसबहीण सड्यांवरच्या वनस्पतींवर पीएचडी करून बसली होती आणि मी तिला "आम्ही कुठे झाडं लावतोय माहितीये का" एवढंही विचारलं नव्हतं. माझं अज्ञान दुसऱ्या प्रकारचं होतं.

त्या वर्षी बोनस बरा मिळाला. मी ठरवलं की यातला काही भाग रानफुलांसाठी द्यायचा. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला सांगितलं तर तो हसला नाही, आणि ते जास्त अवघड गेलं. तो दर महिन्याला पगारातून ठरावीक रक्कम लहान मुलांच्या उपचारांसाठी देतो आणि कुठल्या कामाला दिलेला रुपया सर्वांत जास्त जीव वाचवतो याचा हिशोब ठेवतो. त्याने मला पीटर सिंगरचा १९७२चा निबंध पाठवला. त्यातलं उदाहरण अनेकांना माहीत असेल. उथळ तळ्यात एक मूल बुडतंय, तुम्ही शेजारून चाललाय. कपडे चिखलात खराब होतील म्हणून तुम्ही थांबणार नाही. मग दूरवर भुकेने मरणाऱ्या मुलासाठी तेवढेच पैसे देताना हात का आखडतो?

"आता सांग," तो म्हणाला, "तळ्यात मूल आहे आणि काठावर तुझी आमरी आहे."

या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. फुलाला वेदना होत नाहीत. सिंगरच्या तराजूत त्याचं वजन शून्य. मी त्याला दुसरं एक उदाहरण दिलं, रिचर्ड रूटली या मूळच्या न्यूझीलंडच्या तत्त्वज्ञाने १९७३मध्ये मांडलेलं. समजा पृथ्वीवर एकच माणूस उरलाय, आणि तो मरण्यापूर्वी हाती लागेल ते सगळं सजीव जग, झाडंझुडपंसुद्धा, नष्ट करत सुटलाय. त्याच्यामागे ज्याचं नुकसान होईल असा एकही माणूस नाही. तर तो काही वाईट करतोय का? मित्राने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "मला वाईट वाटतंय, पण का ते सांगता येत नाही. म्हणजे कदाचित ते फक्त वाटणंच असेल."

असेल. पण दुसऱ्या टोकाला जे युक्तिवाद मिळतात ते मला याहून नापसंत आहेत. निधी मागणारी बहुतेक पत्रकं सांगतात की या रानफुलांत उद्याचं कर्करोगावरचं औषध दडलेलं असू शकतं. असू शकतं. नसूही शकतं, आणि बहुतेकांत नसणार. मग ज्यांच्यात नाही त्यांचं काय करायचं? उपयोग सिद्ध करायची अट घातली की गेंदाचे तुरे पहिल्याच फेरीत बाद. शिवाय हे बोलताना माणूस मनातलं बोलत नसतो. ताईला मी कधीही औषधासाठी सड्यावर जाताना पाहिलेलं नाही.

मी जिथे येऊन थांबले ती जागा यापेक्षा फार लहान आहे. फुलाला हक्क आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. त्याचं वजन शून्य आहे की अनंत, तेही सांगता येत नाही. पण शून्य आहे असं म्हणायलासुद्धा आधी ते काय आहे हे कोणीतरी बघितलेलं असावं लागतं. न बघता शून्य लिहिणं हा हिशोब होत नाही. आणि सह्याद्रीवर अजून बघून झालेलं नाही. कासच्या तळ्या-डबक्यांतला वायतुरा घ्या. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा, सातारा भाग सोडून जगात क्वचितच कुठे सापडेल. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९८२मध्ये. म्हणजे माझ्या आई-मावशीच्या शाळेच्या काळात तो तिथे फुलत होता आणि शास्त्राच्या कागदावर नव्हता. २०२३मध्ये विशाळगडावरून कंदीलपुष्पाची नवी जात नोंदली गेली आणि शिवाजी महाराजांच्या नावावरून तिला सेरोपेजिया शिवरायिआना म्हणू लागले. ज्या गडावर शेकडो वर्षं माणसांचा राबता आहे, तिथे.

इथे मला एक माणूस भेटला, पुस्तकातून. थिओडोर कुक. ताईच्या टेबलावर त्याचं जाडजूड 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' असतं. १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघालेलं, आणि आजही मुंबई इलाख्यातली एखादी वनस्पती ओळखताना उघडावं लागतं असं. मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा गृहस्थ इंजिनिअर! १८६०मध्ये रेल्वेचे पूल बांधायला आयर्लंडहून आला, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, बरीच वर्षं प्राचार्य होता, आणि पुढे बोटॅनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागाचं काम त्याच्याकडे आलं. निवृत्तीनंतर लंडनजवळ क्यूला बसून त्याने हे लिहिलं. साम्राज्याला इथल्या वनस्पतींची यादी हवी होती ती काही प्रेमापोटी नव्हे, हे मान्य. पण त्याच्या त्या कामासाठी पगार होता, बाग होती, सुकवलेल्या नमुन्यांची कपाटं होती, प्रवासभत्ता होता. बघण्याचं काम हे काम मानलं गेलं होतं.

ताईला पीएचडी करताना शिष्यवृत्ती होती. आज ज्युनिअर फेलोला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, तिच्या वेळी कमी होते. ती संपली तशी ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, सुट्टीतले शून्य, आणि बिलं कधी निघतील ते त्या बिलांनाच माहीत. सप्टेंबरात, जेव्हा सडा फुलतो, तेव्हा कॉलेजात परीक्षेची गडबड. एखादा प्रकल्प मिळाला तर दोन-तीन वर्षांचा, आणि त्यात नव्या जातीचा शोध लागला तर पेपरात बातमी येते. पण आधीच नोंदलेली एखादी जात तिच्या जुन्या जागी अजून आहे का, हे दरवर्षी जाऊन बघण्याला प्रकल्प म्हणत नाहीत. कोणी विचारलं तर सांगायला त्यात नवीन काही नसतं. "आहे," एवढंच उत्तर.

गेंद ओळखायचा तर त्याच्या मणभर सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या टाचणीडोक्यांतून एक घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली फोडावं लागतं, आतली इवली फुलं आणि बियांची सालं बघावी लागतात. हे शिकायला बरीच वर्षं जातात. त्यातही ज्याने आधी हजारदा केलंय अशा माणसाशेजारी बसून शिकावं लागतं, पुस्तकावरून येत नाही. तो माणूस निवृत्त झाला आणि शेजारी कोणी बसलेलं नसलं की ते कौशल्य त्याच्याबरोबर जातं. आमच्याकडे सगळं कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं असं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं. खरं म्हणजे आमच्याकडेही नसतं.

मी ताईला म्हटलं, "पैसे तुलाच देते. वर्षभर कॉलेज सोड आणि सडे बघ."

"वेडी आहेस का? तुझ्या पैशांवर मी जगू?" तिला राग आला होता. मग जरा वेळाने म्हणाली, "आणि याला दान म्हणणार का तू? बहिणीला दिलेले पैसे?"

बरोबर होतं तिचं. संस्थेला दिले तर पावती मिळते, करात सूट मिळते. माणसाला दिले तर काहीच नाही, आणि नात्यातल्या माणसाला दिले तर संशय. या व्यवस्थेला कारण आहे, नाहीतर प्रत्येकाने आपापल्या मेव्हण्याला समाजकार्य म्हणून पोसलं असतं. पण त्यामुळे पैसा जातो तो फोटोत दिसणाऱ्या गोष्टींकडे: रोपं, फलक, बाकडी, कुंपण. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत वनस्पतींचं संरक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा आड येत नाही. आड येतो तो अहवालातला रकाना: किती लावली, किती जगली.

कासचं पठार हे तर पैसा आणि लक्ष दोन्ही मिळालेलं उदाहरण. २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून ते जागतिक वारसा ठरलं. गर्दी लोटली, तिकीट आलं, ऑनलाइन नोंदणी आली, आणि फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून जाळीचं कुंपण आलं. मीही तिकीट काढून बघितलंय. काही वर्षांनी तक्रार येऊ लागली की कुंपणाच्या आत फुलं विरळ होताहेत आणि गवत माजतंय. पिढ्यानपिढ्या तिथे गुरं चरत होती, म्हशी गवत खात होत्या, खुरांनी माती हलवत होत्या, आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत होतं. ते थांबलं. शेवटी कुंपण काढलं. गर्दीचं आणि पावसाच्या बदलाचं काय, याबद्दल जाणकारांत वाद आहेत, त्यात मी पडत नाही. पण कुंपण घालताना गुराख्याला कोणी विचारलं होतं का, हा मला आमच्या चारशे खड्ड्यांचाच प्रश्न वाटतो.

मी कंपनीच्या त्या विभागाला मेल लिहिला. फोटोसकट, ताईने सांगितलेल्या नावांसकट. उत्तर सभ्य होतं. जागा ग्रामपंचायतीने सुचवली होती, रोपं देशी निवडली होती (गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं, ते असो), आणि करारानुसार तीन वर्षं जगण्याचं प्रमाण राखायचं होतं. पहिल्या उन्हाळ्यात बरीचशी रोपं मेली. सड्याने आपलं आपण बघून घेतलं म्हणून मला बरं वाटलं, तर पुढच्या जुलैत नांगे भरायला पुन्हा बस निघाली. मी गेले नाही. त्याऐवजी तीन बैठकांत तेच तेच बोलले. निष्पन्न एवढंच, की जागा निवडायच्या अर्जात आता एक ओळ आहे: "या जागेवरील वनस्पतींची नोंद झाली आहे का? कोणी, कोणत्या महिन्यात?" महिना माझ्या आग्रहावरून. मे महिन्यात केलेली नोंद म्हणजे काळा दगड. पहिल्या नोंदीचं काम ताईला द्यावं असं एकाने सुचवलं. तिने दुसऱ्या एका मुलीचं नाव दिलं.

माझे पैसे शेवटी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे गेले. ताईचं कॉलेज नव्हे. मिळून ठरवलं: सहा विद्यार्थी, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत दर पंधरवड्याला एकदा त्याच सड्यावर, एस.टी.चं भाडं, जेवण, प्रत्येकाला दहा पट मोठं दाखवणारं भिंग, आणि एक निवृत्त सर, त्यांचं मानधन. मित्राला रक्कम सांगितली तेव्हा त्याने मनातल्या मनात हिशोब केला, तो मला दिसला. मी तळ्यातल्या मुलाकडे पाठ फिरवली आहे का? कदाचित हो, तेवढ्या रकमेपुरती. त्याच्याकडे देत होते ते बंद केलं नाही, पण वाढवलंही नाही.

गेल्या सप्टेंबरात त्यांच्याबरोबर गेले. एक मीटर बाय एक मीटरचा सुतळीचा चौकोन टाकायचा आणि आत जे आहे ते सगळं मोजायचं. माझ्या चौकोनात मला गवत आणि "पांढरं काहीतरी" दिसलं. शेजारच्या पोरीने त्यात अकरा जाती काढल्या. एक गेंद सरांनाही लागला नाही. त्यांनी तो वर्तमानपत्रात नीट पसरून ठेवला, कागद रोज बदलायला सांगितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अगदी दिवाळी होती.

मग मी माझे सहा खड्डे शोधले. जीपीएसवर नोंद होतीच. पाच रिकामे, त्यात पाणी साचलेलं. सहाव्यात गिरिपुष्प, गुडघ्याच्या वर, चांगलं पानांनी भरलेलं. मी दोन्ही हातांनी धरून ओढलं. हललंसुद्धा नाही. मुळं कातळाच्या भेगेत गेली होती.

"मॅडम, उपटताय कशाला?" मागून एका मुलाने विचारलं. "जगलंय की ते."

त्याला सांगायला बसले. निम्म्यावर आले असेन, तेवढ्यात सरांनी हाक मारली. साडेचारची एस.टी. चुकली असती.